पाडव्याच्या दुपारी पंढरीचा बाजार: सिनेमावरून घरीच पट आखायचा आणि खेळायचा कसा

पाडव्याला दुपारची जेवणं उरकली की आमच्या परभणीच्या घरात एक रिकामा तास येतो. ओवाळणी झालेली, फराळाचे डबे उघडेच, जावईमंडळी भिंतीला टेकून पेंगायलेली आणि लेकरं एकेक कोपरा धरून मोबाइलमध्ये. चार वर्षांपूर्वी या तासात मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा पुढं ओढला आणि त्यावर एक पट आखला. आता तो तास दिवेलागणीपर्यंत लांबतो. पट विकतचा नाही, त्यामुळे मोडला तर पुन्हा करता येतो आणि नियम पटले नाहीत तर बदलता येतात. तो कसा करायचा आणि कसा खेळायचा, ते सगळं इथे लिहितो आहे.

पाडव्याला पट मांडण्याला घरातल्या मोठ्यांची हरकत नसते, उलट पाठिंबाच मिळतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेचं एक नाव द्यूतप्रतिपदा आहे आणि या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळले अशी कथा आहे. खेळात रंगलेलं हे जोडपं पाहायचं असेल तर वेरूळच्या १४ आणि २१ क्रमांकाच्या लेण्यांत जा, दगडात बसलेलं आहे. आमची आज्जी पत्त्यांचा जोड बघितला की नाक मुरडते, पण पट म्हटलं की चष्मा शोधायला लागते. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट तर परंपरेनं ज्ञानेश्वरांच्या नावावर आहे, आणि त्यांचं आपेगाव आपल्याच पैठण तालुक्यातलं. म्हणजे हा उद्योग मराठवाड्याला नवा नाही.

सिनेमा निवडताना

सिनेमावरचा खेळ म्हटलं की बहुतेक जण सापशिडी घेतात आणि घराघरांत सिनेमातली चित्रं चिकटवतात. दिसायला छान दिसतं, पण दोन डावांत कळतं की आपण सापशिडीच खेळतोय. सिनेमातल्या माणसांना ज्या गोष्टीची धाकधूक असते, ती खेळात नियम होऊन यायला पाहिजे. १९९० चा ‘होम अलोन’ हा नाताळातला सिनेमा घ्या: घरात एकटा राहिलेला पोरगा आणि टपलेले चोर. त्यावर निघालेल्या एका पटखेळात एक जण तो पोरगा होतो आणि बाकीचे चोर होतात. सिनेमाची गाठ जशीच्या तशी पटावर आली. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’वर कुणी खेळ केला तर त्यात सोंग उघडं पडण्याची भीती असलीच पाहिजे, नाहीतर तो खेळ पुण्यात भाड्याची खोली शोधण्याचा होईल.

आम्ही निवडला परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’. २०१४ च्या नोव्हेंबरात आलेला, ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत बालचित्रपटाचा पुरस्कार वाटून मिळालेला. पंढरपुरातली भावंडं, वडील नाहीत, आईचं विणकामाचं यंत्र कर्जापायी बँकेनं नेलेलं. ते सोडवायला वडिलांनी केलेली सायकल विकायची वेळ येते. त्या सायकलचं नाव एलिझाबेथ. ती वाचवायला लेकरं एकादशीच्या गर्दीत आईच्या नकळत बांगड्यांचं दुकान लावतात. पटखेळाला लागणारं सगळं यात आहे: ठरलेली रक्कम, ठरलेली मुदत, गर्दीचा बाजार आणि सगळ्यांचा मिळून एकच हेतू. वर आपल्याकडे दिवाळीनंतर दहाच दिवसांनी कार्तिकी येते, म्हणून आम्ही खेळ कार्तिकीच्या यात्रेतच बसवला. आदल्या रात्री सगळ्यांनी सिनेमा बघून घ्यावा. ज्यांनी तो बघितलेला नसतो ते खेळतात, पण पैसे कमी पडले की त्यांना हळहळ वाटत नाही.

पट आणि सामान

पुठ्ठा ४२ सेंटिमीटर लांब-रुंद कापा. कडेनं ६ सेंटिमीटरची घरं आखली की एका बाजूला ७ घरं येतात आणि कोपरे दोन बाजूंत सामाईक धरून गोल फिरणारी २४ घरं होतात. मधे ३० सेंटिमीटरचा चौक उरतो, तिथे चिठ्ठ्यांचे गठ्ठे, पैशांचा बटवा आणि दिवस मोजायची पट्टी राहील. आखताना पेन्सिल, नंतर स्केचपेन. वरून प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर, शाळेच्या वह्यांना घालतो ते, ताणून लावलं तर पट वर्षानुवर्षं टिकतो.

चार कोपऱ्यांना नावं द्या: महाद्वार, चौफाळा, घाट आणि एसटी स्टँड. पंढरपूर पाहिलेल्यांना खरी वाट डोळ्यांपुढे येईल, आणि ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना आज्जी सांगेलच. डाव महाद्वारातून सुरू होतो. दोन कोपऱ्यांच्या मधे जी पाच घरं आहेत, ती प्रत्येक बाजूला याच क्रमानं भरा: वारी, गिऱ्हाईक, माल, गिऱ्हाईक, अडचण. म्हणजे पटावर एकूण ८ गिऱ्हाईक, ४ माल, ४ वारी, ४ अडचण आणि ४ कोपरे.

हा क्रम उगाच नाही. पहिल्या वर्षी मी दुसऱ्या घरात अडचण टाकली होती. आमच्या फेकीत सगळ्यांत जास्त वेळा दोनच पडतात, त्यामुळे चौघांपैकी तिघं पहिल्याच पाळीला अडचणीत जाऊन बसले. धाकट्या भाच्यानं तर पटच उधळला. दुसऱ्या घरात गिऱ्हाईक असेल तर पहिल्या पाच मिनिटांत कुणी ना कुणी काहीतरी विकतं आणि खेळाला चव येते.

फासा आणू नका, चिंचोके वापरा. चार मोठे चिंचोके घ्या आणि खरबरीत दगडावर एका बाजूनं घासा. आतलं पांढरं उघडं पडलं की झालं. चारही मुठीत खुळखुळवून टाकायचे आणि जेवढे पांढरे वर येतील तेवढी घरं चालायचं. एकही पांढरा आला नाही तर ८. चार चिंचोके १६ तऱ्हांनी पडू शकतात: ६ तऱ्हांत दोन पांढरे, ४ तऱ्हांत एक, ४ तऱ्हांत तीन, एकीत चारही आणि एकीत एकही नाही. सरासरी अडीच घरं पडतात. बारा पाळ्यांत ३० घरं, म्हणजे पटाची सव्वा फेरी. वाकडातिकडा चिंचोका एकाच अंगावर पडायची सवय धरतो, म्हणून घासून झाल्यावर प्रत्येक चिंचोका वीस-पंचवीस वेळा टाकून बघा आणि फारच लबाड निघाला तर बदला.

चिठ्ठ्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकांसारखा कागद नाही. जाड असतो, मागून कोरा असतो आणि मराठवाड्यात तो कुठल्याही घरात किलोनं निघतो. दहा-बारा पत्रिकांत काम भागतं. मात्र पत्रिकेवरचा गणपती कापू नका. तो भाग वेगळा काढून ठेवा, नाहीतर खेळ सुरू होण्याआधीच घरात वेगळा खेळ सुरू होईल. एकूण ४८ चिठ्ठ्या लागतात: २४ गिऱ्हाइकांच्या, १२ अडचणीच्या, १२ वारीच्या.

पैशांच्या नोटाही त्याच कागदाच्या करा. ५ च्या २०, १० च्या ३०, २० च्या १० आणि ५० च्या ६ पुरतात. शर्टाचं एक बटण म्हणजे एक डझन बांगड्या. सोंगट्यांना वेगवेगळ्या रंगांची बाटल्यांची झाकणं. एक सोंगटी मात्र निराळी हवी, ती आईची. आमच्याकडे आई म्हणजे जुन्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण आहे, आणि ते पटावर दिसलं की खोटं वाटेल, पण मोठी माणसंही जरा सावरून बसतात.

चिठ्ठ्या लिहिणं हा अर्धा खेळ आहे

हे काम एकट्यानं करू नका. पाडव्याच्या आदल्या दुपारी लेकरांना आणि आज्जीला घेऊन बसा.

गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायच्या: कोण आहे, किती डझन घेणार, डझनाला जास्तीत जास्त किती देणार आणि त्याची खोड काय. जास्तीत जास्त भाव १५, २०, २५, ३०, ३५ आणि ४० असे सहा ठेवा, प्रत्येकाच्या चार चिठ्ठ्या. निम्मी गिऱ्हाइकं एक डझन घेतील, निम्मी दोन. माणसं मात्र ओळखीची पाहिजेत. आमच्या काही चिठ्ठ्या अशा आहेत: ‘गंगाखेडकडची म्हातारी. २ डझन. ३० पर्यंत. हिरव्याच पाहिजेत.’ ‘नवी सून, सोबत सासू. १ डझन. ४० पर्यंत. बोलणार फक्त सासू.’ ‘शाळेतल्या बाई. १ डझन. २५ पर्यंत. तुझा अभ्यास झाला का, असं आधी विचारणार.’ ‘एसटीचे कंडक्टर. २ डझन. १५ पर्यंत. सुटे नाहीत म्हणणार.’ खोड जितकी खरी, तितका डाव रंगतो.

अडचणीच्या चिठ्ठ्यांत ५ ते १५ रुपयांचं किंवा एखाद्या डझनाचं नुकसान असावं, त्याहून जास्त नको. जागेचं भाडं १५ रुपये. अवकाळी सर आली, पुढची पाळी गेली. ओळखीच्या मावशी दिसल्या, आईची सोंगटी तुमच्याकडे तीन घरं सरकली. टोपली कलंडली, एक डझन गेल्या. या शेवटच्या चिठ्ठीवर पुतणीनं ‘बांगड्या फुटल्या’ असं लिहिलं होतं. आज्जीनं तिच्या हातातून पेन घेतलं, ‘फुटल्या’ खोडलं आणि वर लिहिलं ‘वाढल्या’. सणाच्या दिवशी बांगडी फुटत नसते, वाढत असते. आता ती चिठ्ठी ज्याला निघते तो ‘वाढल्या!’ म्हणून ओरडतो आणि एक बटण परत ठेवतो, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटतं की याचा फायदाच झाला.

वारीच्या चिठ्ठ्यांत आपला मुलूख येऊ द्या. पाच चिठ्ठ्या दिंड्यांच्या: पैठणहून एकनाथांची, नरसीहून नामदेवांची, गंगाखेडहून जनाबाईंची, तेरहून गोरोबाकाकांची आणि आपेगावहून ज्ञानेश्वरांची. जिची चिठ्ठी निघेल त्या संताचा कुठलाही अभंग दोन ओळी म्हणायचा, बटव्यात १० रुपये. कुणाच्या मदतीनं म्हटला तर ५. उरलेल्या सात चिठ्ठ्या साध्या: आणखी एक फेक, गर्दीत मिळालेली लिफ्ट म्हणून पुढच्या कोपऱ्यावर जा, कुणीतरी खाऊला दिलेले १० रुपये, असं काहीबाही.

डाव मांडणं

तीन ते सहा जणांत हा खेळ चांगला होतो, वय सातच्या पुढं. सहापेक्षा जास्त माणसं असतील तर जोड्या करा, एक लहान आणि एक मोठा. चौघांच्या डावाला तास-सव्वा तास लागतो. फराळाची ताटं पटापासून हातभर लांब ठेवायची. चिवड्याच्या तेलकट बोटांनी पहिल्या वर्षीच्या निम्म्या चिठ्ठ्या पारदर्शक झाल्या आणि गिऱ्हाइकाचा भाव मागूनच वाचता यायला लागला.

सगळ्यांच्या सोंगट्या महाद्वारात. प्रत्येकाला सुरुवातीला तीन बटणं, म्हणजे तीन डझन बांगड्या. आईची सोंगटी समोरच्या कोपऱ्यात, घाटावर. बटवा रिकामा. बटवा सगळ्यांचा एकच आणि तो सांभाळायला बेरीज-वजाबाकी येणारं सगळ्यांत धाकटं लेकरू. हे महत्त्वाचं आहे. मोठ्यांच्या हातात बटवा दिला की ते हिशेब मनातल्या मनात करतात आणि लेकरांना खेळ कुठवर आला ते कळत नाही.

मधल्या चौकात १२ खणांची पट्टी आखा: दशमी, एकादशी आणि द्वादशी, प्रत्येक दिवसाचे सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार खण. सगळ्यांची एकेक पाळी झाली की एक खण पुढं सरकायचं. द्वादशीची रात्र संपली की बाजार उठला. तोवर बटव्यात माणशी ७५ रुपये जमले पाहिजेत, म्हणजे चौघांना मिळून ३००. हात बसल्यावर माणशी १०० करा. आम्ही पहिल्यांदा हौसेनं १२५ ठेवले होते आणि लागोपाठ तीन डाव हरलो. सायकल तीनदा विकली गेल्यावर लेकरांचा सिनेमावरचा विश्वासच उडायला आला होता.

पाळी

ज्याची पाळी तो चिंचोके टाकतो, तेवढी घरं चालतो आणि ज्या घरात थांबला त्याप्रमाणे करतो. वारी आणि अडचणीच्या घरात वरची चिठ्ठी उचलून मोठ्यानं वाचायची. मालाच्या घरात बटव्यातून १० रुपये डझनानं तीन डझनांपर्यंत बांगड्या घेता येतात, पण बटवा सगळ्यांचा असल्यानं आधी बाकीच्यांना विचारायचं. महाद्वार ओलांडलं की बटव्यात १० रुपये. बाकीचे कोपरे विसाव्याचे, तिथं काही होत नाही.

खरा खेळ गिऱ्हाइकाच्या घरात आहे. विकणाऱ्याच्या उजवीकडचा माणूस चिठ्ठी उचलतो, एकटाच वाचतो आणि ते गिऱ्हाईक होतो. कोण आहे, किती डझन हवेत, हे तो सांगतो. भावाचा आकडा लपवून ठेवतो. विकणारा भाव सांगतो. तो आकडा चिठ्ठीवरच्या भावाएवढा किंवा कमी असेल तर गिऱ्हाइकानं घेतलंच पाहिजे. कितीही तोंड वाकडं करा, नाही म्हणता येत नाही. जास्त असेल तर नाही म्हणायचं आणि विकणाऱ्याला आणखी एकच संधी. दुसरा भावही जास्त निघाला तर गिऱ्हाईक चालतं होतं. सौदा झाला की चिठ्ठी सगळ्यांना दाखवायची. नुसतं वाचून हे कोरडं वाटेल, म्हणून मागच्या पाडव्याचा एक सौदा सांगतो. दहा वर्षांचा भाचा विकणारा, आज्जी गिऱ्हाईक.

‘दोन डझन पाहिजेत रे लेकरा. हिरव्या. कशा दिल्या?’

‘चाळीस रुपये डझन, आज्जी.’

आज्जीनं चष्म्यावरून बघितलं. ‘चाळीस? सोन्याच्या हायत का? आमच्या बाजारात पंधराला मिळायल्यात.’

भाचा घाबरला. त्यानं त्याच्या आईकडं बघितलं, पण सौदा चालू असताना दुसऱ्या कुणाला बोलायची बंदी. ‘बरं... पंचवीस.’

आज्जी उठायला लागली. गुडघ्यावर हात टेकला, पदर सावरला, अर्धी उभी राहिली आणि म्हणाली, ‘दे. म्हातारीला लुटलंस.’ पन्नास रुपये बटव्यात गेले. मग तिनं चिठ्ठी उलटली: ३० पर्यंत. सगळी खोली ओरडली. दहा रुपये हातचे गेले होते आणि पंधराचा बाजार आज्जीनं मनानंच काढला होता. भाचा त्या संध्याकाळभर तिच्याशी बोलला नाही, पण पुढच्या गिऱ्हाइकाला त्यानं कुणाच्याही तोंडाकडं न बघता भाव सांगितला.

मोठ्यांसाठी इथे एक हिशेब देतो. सहा भाव सारख्याच संख्येनं असल्यामुळे आधी ३० आणि मग थेट १५ सांगणारा एकही गिऱ्हाईक गमावत नाही आणि त्याला डझनामागे सरासरी साडेबावीस रुपये पडतात. आधी ३० आणि मग २० सांगणाऱ्याचं सहापैकी एक गिऱ्हाईक जातं, सरासरी पावणेबावीसच्या आसपास येते, पण त्याचा माल वाचतो. टोपलीत शेवटचं डझन असेल तर दुसरा मार्ग बरा. हे लेकरांना सांगू नका. तिसऱ्या डावापर्यंत ती आपलं आपण काढतात, आणि आपल्याआधी.

दिवसांप्रमाणे बाजारही बदलतो. एकादशीच्या चार खणांत गर्दी असते, म्हणून प्रत्येक गिऱ्हाईक चिठ्ठीपेक्षा एक डझन जास्त मागतं. जवळ तेवढा माल नसेल तर आहे तेवढाच विकायचा. द्वादशीला पारणं सोडून लोक परतीच्या गाडीला लागतात आणि प्रत्येकाचा भाव ५ रुपयांनी उतरतो. त्यामुळे दशमीच्या संध्याकाळी मोठा वाद ठरलेला: बटव्यात आहेत ते पैसे उद्याच्या मालात घालायचे की धरून ठेवायचे? घाला. एकादशीला माल नसलेला विक्रेता म्हणजे उपासाच्या दिवशी फराळाचं ताट समोर आणि हात बांधलेले.

आई येते तेव्हा

एक खण संपला की कुणीही एक जण आईसाठी चिंचोके टाकतो. आई सगळ्यांच्या उलट दिशेनं चालते. चालताना ज्यांच्या सोंगट्या तिच्या वाटेत येतील किंवा जिथे ती थांबेल तिथे जे असतील, ते सापडले. सापडलेल्यानं उभं राहून एक थाप मारायची: मी इथे काय करतोय. एका दमात आणि न हसता. मारणारा हसला तर त्याची पुढची पाळी गेली. बाकीचे हसले तर चालतं, किंबहुना ते हसवायलाच बसलेले असतात. चौघांच्या डावात हे पाचेक वेळा घडतं, तेवढंच बरं. मी एकदा आईला दर पाळीनंतर चालवून बघितलं तर बाजार बाजूला राहिला आणि नुसत्या थापाच चालल्या. थापा उत्तम होत्या, पण बटव्यात ४० रुपये.

घरातली खरी आई खेळत असेल तर आईची फेक तिला टाकू द्या. आमची ताई चिंचोके हातात घेऊन प्रत्येक लेकराकडं एकदा बघते आणि मग टाकते. एवढ्यानंच निम्मी हसायला लागतात.

बिघडलं तर

सगळ्यांचा मिळून एक बटवा असला की एक दुखणं हमखास येतं: घरातला एखादा काका सगळ्यांच्याच पाळ्या खेळायला लागतो. इकडे जा, एवढा भाव सांग, माल घे. लेकरं नुसती सोंगट्या सरकवतात. यावर आमचा उपाय साधा आहे. घासाघीस चालू असताना कुणी एक शब्द जरी सुचवला तर ते गिऱ्हाईक लगेच निघून जातं. काका दोनदा गिऱ्हाईक पळवतो आणि तिसऱ्यांदा गप्प बसतो. माल घ्यायचा की नाही, या चर्चेत मात्र त्याला मनसोक्त बोलू द्या, नाहीतर तो झोपायला जाईल.

लागोपाठ हरायला लागलात तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी रक्कम माणशी १० नं कमी करा. तरी जमेना तर सुरुवातीला चार डझन द्या. दोन्ही एकदम केलं तर डाव इतका सोपा होतो की एकादशीलाच रक्कम जमते आणि द्वादशी रटाळ जाते. सारखं जिंकत असाल तर मालाचा भाव १० वरून १५ करा.

वाचता न येणारं लेकरू असेल तर त्याला आईची सोंगटी चालवायला द्या. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना गिऱ्हाईक करताना विकणाऱ्यानं भाव बोटांवर दाखवायचा. मधेच कुणी पाहुणे टपकले तर त्यांच्या हातात गिऱ्हाइकाची चिठ्ठी द्या. नियम समजावत बसावं लागत नाही, माणूस चिठ्ठी वाचून बोलायला लागतो. गेल्या वर्षी दूध घालणारे मामा ओसरीवर टेकले होते, त्यांना सासू-सुनेची चिठ्ठी आली. त्यांनी दोन्ही आवाजांत घासाघीस केली आणि चाळीसचं गिऱ्हाईक वीसला नेलं.

लाईट गेली तर डाव मोडू नका. पणत्या पटाच्या चारही कोपऱ्यांबाहेर ठेवा, कव्हरवर मात्र नको, प्लास्टिक आक्रसतं.

खेळ संपला की चिठ्ठ्या तीन गठ्ठ्यांत बांधून बिस्किटांच्या डब्यात ठेवा, सोबत दोन लवंगा. चिंचोके त्यात ठेवू नका. त्यांना कीड लागते आणि ती पुठ्ठ्यात उतरते. आमचे चिंचोके आज्जीच्या पानाच्या डब्यात असतात आणि ते मागायला गेलं की आधी तिच्याशी एक सौदा करावा लागतो.